ओपन बॅफलचा बास पुन्हा गायब? इक्वलायझर उघडण्याआधी एवढं तपासा

ओपन बॅफल म्हणजे पेटीशिवायचा स्पीकर: एका उघड्या फळीवर ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा कागदी शंकू (कोन) आणि त्यामागचं कॉईल-चुंबक, बसवलेला. त्याची तक्रार जवळपास ठरलेल्या शब्दांत येते. "प्लाय कापला, ड्रायव्हर बसवले, गाणं लावलं. आवाज एकदम मोकळा, गायिका समोर बसलीये असं वाटतं. पण बास कुठाय?" मग इक्वलायझरची ५० हर्ट्झची पट्टी १२ डेसिबलने वर जाते. दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी डग्ग्याच्या प्रत्येक घुमकीला ड्रायव्हर खडखडू लागतो. पट्टी खाली घेतली की बास गेला, वर नेली की खडखड आली. दुसरा प्रकार याहून चमत्कारिक. वर्षभर छान वाजणारी जोडी दिवाळीच्या साफसफाईनंतर अचानक पातळ वाजायला लागते, आणि मालक शपथेवर सांगतो की काहीही बदललेलं नाही.

दोन्ही तक्रारींची मुळं मला तरी चारच दिसतात: उलटी जोडलेली वायर, मागची भिंत, न शोभणारा ड्रायव्हर आणि बॅफलच्या रुंदीचं गणित. इक्वलायझरने यातलं फक्त शेवटचं सुटतं, तेही अर्धंमुर्धं. म्हणून तो सगळ्यात शेवटी उघडायचा. आधी फुकटात होणाऱ्या गोष्टी करून घेऊ.

पेन्सिल सेल

अँपच्या वायरी काढा. दीड व्होल्टचा साधा पेन्सिल सेल घ्या, त्याचं अधिक टोक ड्रायव्हरच्या लाल टर्मिनलला आणि उणे टोक काळ्याला क्षणभर लावा. कोन पुढे सरकला पाहिजे. हे प्रत्येक ड्रायव्हरला करा आणि मग अँपच्या टोकाकडून, म्हणजे पूर्ण वायरीसकट, पुन्हा करा. मधे क्रॉसओव्हर (खालचा आणि वरचा आवाज वेगवेगळ्या ड्रायव्हरांना वाटून देणारं सर्किट) असेल तर वूफर, म्हणजे बासचा ड्रायव्हर, कॉईलमधूनही हलताना दिसेल. कपॅसिटरमागचा ड्रायव्हर मात्र नीट दिसणार नाही, त्याची वायर डोळ्यांनीच शोधावी लागते.

डाव्या-उजव्यातला एक वूफर उलटा असला की दोघांचा बास हवेतच एकमेकांना खातो. साफसफाईत वायरी काढल्या-लावल्या गेल्या की हेच होतं. ऐकून ओळखायचं तर एखादं जुनं मोनो गाणं लावा: आवाज बरोबर मध्ये उभा राहायला हवा. तो पसरट, डोक्याभोवती तरंगल्यासारखा वाटला तर वायर उलटी आहे.

एका बॅफलमध्ये दोन वूफर असतील आणि त्यातला एक मुद्दाम चुंबक पुढे करून बसवला असेल (काही जण विकृती कमी करण्यासाठी तसं करतात, कल्पना चांगली आहे) तर त्याची वायर उलटीच हवी. खूण एवढीच की सेल लावल्यावर दोन्ही कोन खोलीच्या एकाच दिशेला सरकले पाहिजेत.

मागची भिंत

इथे जरा थांबावं लागेल, कारण पेटीच्या स्पीकरची सवय इथे बरोबर उलटी पडते. पेटीचा स्पीकर भिंतीला टेकवला की बास वाढतो, हे सगळ्यांना माहीत असतं. ओपन बॅफल भिंतीला टेकवला की बास कमी होतो.

कारण सरळ आहे. कोन पुढे जातो तेव्हा पुढे दाब वाढतो आणि मागे तेवढाच कमी होतो. मागची ही उलटी लाट भिंतीवर आपटून परत येते आणि पुढच्या लाटेत मिसळते. भिंत जितकी जवळ, तितकी ती लवकर येते. बासच्या लांबलचक लाटांच्या दृष्टीने तर जणू त्याच क्षणी येते, आणि दोघींची वजाबाकी होते.

आकड्यांत बघू. तुम्ही स्पीकरपासून अडीच मीटरवर बसला आहात आणि मागची भिंत विटांची, घट्ट आहे असं धरा. बॅफल भिंतीपासून ३० सें.मी.वर असेल तर ५० हर्ट्झला साडेपाच डेसिबलचं नुकसान होतं. तोच बॅफल १ मीटर पुढे आणला तर नुकसान जाऊन उलट २ डेसिबलचा फायदा होतो. फरक ७ डेसिबलच्या वर. ८० हर्ट्झलाही तो ६ डेसिबलच्या आसपास राहतो. ६ डेसिबल म्हणजे अँपची चौपट ताकद. ती तुम्हाला फक्त स्पीकर पुढे ओढून मिळते. खऱ्या खोलीत बाकीच्या भिंती आपापलं काही मिसळतात, म्हणून आकडा तंतोतंत असाच येणार नाही, पण दिशा हीच राहते.

दिवाळीचं कोडंही बहुतेक वेळा इथेच सुटतं. केर काढताना कोणीतरी स्पीकर मागे सरकवलेला असतो. जागा पक्की झाली की फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवा आणि घरातल्यांना त्या कशाच्या आहेत ते सांगून ठेवा.

बाजूच्या भिंतीची गोष्ट वेगळी. बॅफलच्या बरोबर बाजूला, म्हणजे कडेच्या रेषेत, पुढची आणि मागची लाट एकमेकींना मारतात आणि आवाज जवळजवळ शून्य होतो. त्यामुळे बाजूची भिंत जवळ असली तरी मधल्या-वरच्या पट्टीत ती फार गोंधळ घालत नाही, आणि बासला तर ती मदतच करते. जमीनही तशीच मदत करते. म्हणून दहा बाय बाराच्या खोलीत मी तरी असं सुचवेन: स्पीकर बाजूच्या भिंतींकडे सरकवा, मागच्या भिंतीपासून जमेल तितके पुढे आणा, वूफर जमिनीलगत ठेवा आणि बॅफल ऐकणाऱ्याकडे थोडे आत वळवा. मागे पुस्तकांचं कपाट असेल तर मधल्या पट्टीला फायदा होतो. मागे पडदा टांगून बास परत येईल ही आशा मात्र सोडा. एवढ्या लांब लाटांना कापड दिसतच नाही.

१ मीटर सोडणं शक्यच नसेल (मुंबईच्या वन बीएचकेत ते बहुधा नसतंच) तर त्याचा उपाय शेवटी आहे.

रुंदीचं गणित

समजा बॅफल ६० सें.मी. रुंद आहे आणि ड्रायव्हर मधोमध. मागच्या लाटेला कडेवरून वळून पुढे यायला साधारण ३० सें.मी.चा जादा प्रवास पडतो. एवढ्या एका आकड्यावरून बरंच काही निघतं.

लाटेची लांबी या ३० सें.मी.च्या दुप्पट असते, म्हणजे ५७० हर्ट्झच्या आसपास, तिथे मागची लाट पुढचीला पूर्ण साथ देते आणि आवाज ६ डेसिबलने वाढतो. लांबी सहापट होते, म्हणजे १९० हर्ट्झला, तिथे फायदा-तोटा शून्य. त्याच्या खाली प्रत्येक सप्तकाला ६ डेसिबलची घसरण सुरू: १०० हर्ट्झला ५ डेसिबलचं नुकसान, ५० हर्ट्झला ११. वरच्या ५७० हर्ट्झच्या उंचवट्यापासून मोजलं तर ५० हर्ट्झ तब्बल १७ डेसिबल खाली आहे. ड्रायव्हरच्या स्वतःच्या अनुनादाखाली (ज्या कंपनसंख्येला कोन आपसूक सहज डोलतो त्याखाली) आणखी १२ डेसिबल प्रति सप्तक जोडले जातात, म्हणजे एकूण १८.

'बास नाही' या तक्रारीतला मोठा भाग खरं तर ३०-४० हर्ट्झचा नसतो, हे इथे दिसतं. कमी पडतो तो ८० ते २०० हर्ट्झचा पट्टा, आणि त्याच्या बरोबर वर ५०० हर्ट्झला फुगवटा बसलेला असतो, त्यामुळे कानाला ते अंतर जास्तच जाणवतं. पुरुषाच्या आवाजाचा पाया, डग्ग्याचं अंग, पखवाजाची भरीव थाप हे सगळं या पट्ट्यात येतं. काळी एकच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झची, तरी चाचणीला तंबोरा लावू नका. त्याच्या मूळ स्वरापेक्षा वरचे अंशस्वर इतके दाट असतात की पाया हरवला तरी कान तो भरून घेतो. डग्गा असं फसवत नाही. एकल तबल्याची विलंबित लय लावा, काय कमी आहे ते लगेच कळेल.

५७० हर्ट्झच्या वर, ११५० हर्ट्झच्या आसपास, मागची लाट पुन्हा विरोधात येते आणि खड्डा पडतो. ड्रायव्हर चौकोनी बॅफलच्या अगदी मधोमध असला की सगळ्या कडा सारख्याच अंतरावर येतात आणि खड्डा खोल होतो. म्हणून तो थोडा एका बाजूला सरकवून भोक पाडायचं, डाव्या-उजव्याला आरशातल्यासारखं. सुताराला हे आधी कागदावर काढून द्या, नाहीतर तो 'सेंटर चुकलाय साहेब' म्हणून प्रेमाने दुरुस्त करून देतो.

रुंदी दुप्पट केली तर ६ डेसिबल मिळतात, पण १२० सें.मी. रुंदीचं फळकूट दिवाणखान्यात कोण ठेवू देणार? त्यापेक्षा बाजूला मागच्या दिशेने पंख लावा, २० ते ३० सें.मी. खोल. जादा प्रवास वाढतो आणि बॅफल उभा राहायलाही मदत होते. मात्र मागे बोगदा तयार होतो आणि तो स्वतःचा सूर काढतो: ३० सें.मी. खोलीला २८६ हर्ट्झच्या थोडं खाली. पंखवाला वूफर त्यामुळे १५० हर्ट्झच्या आसपास कापावा, त्यावर नेऊ नये.

आपल्याकडच्या जुन्या वाल्वच्या रेडिओंकडे यावरून पुन्हा बघावंसं वाटतं. मागे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याचं झाकण, आत एक मोठा कागदी ड्रायव्हर. ते ओपन बॅफलच होते. कॅबिनेटच्या बाजू म्हणजे पंख. एवढ्याशा वॉटमध्ये आजोबांचं घर भरत असे ते उगीच नव्हे. त्या ड्रायव्हरचा कागद हलका, चुंबक बेताचं आणि क्यूटीएस (तो काय ते लगेच पुढे) वर असे.

ड्रायव्हरचा क्यूटीएस

ड्रायव्हरच्या तक्त्यात क्यूटीएस नावाचा आकडा असतो. तो सांगतो की अनुनादाच्या जागी कोनाला किती लगाम आहे. चुंबक जबरदस्त असेल तर आकडा लहान, ०.२५ ते ०.४५, बहुतेक पीए (सभा-कार्यक्रमांच्या लाउडस्पीकरचे) ड्रायव्हर या घरातले. पेटीत ते उत्तम वाजतात. उघड्या फळीवर मात्र त्यांचा बास अनुनादाच्या बराच वरून उतरायला लागतो आणि त्यात फळीची घसरण मिळते. क्यूटीएस ०.७ ते १.२ असेल तर अनुनादाजवळ थोडा फुगवटा येतो आणि तो फळीची घसरण काही अंशी भरून काढतो. स्वस्तातला ड्रायव्हर इथे महागड्याला हरवतो तो यामुळे. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत खरेदीला जाल तेव्हा चुंबकाचं वजन बघून भुलू नका, तक्ता मागा. तक्ता नसेल तर दुकानदाराच्या 'बास एक नंबर'वर विसंबू नका.

कमी क्यूटीएसचा ड्रायव्हर आधीच घेतला असेल तरी तो फेकायचं कारण नाही. त्याच्या मालिकेत रोध घातला की क्यूटीएस चढतो. उदाहरणार्थ, कॉईलचा रोध ६.२ ओम, विद्युत क्यू ०.४५, यांत्रिक क्यू ५. या दोन क्यूंचा मिळून क्यूटीएस ०.४१. मालिकेत ३ ओम घातले तर तो ०.५९ होतो. दहा-वीस वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर लागेल, तो तापेल, आणि अँपची थोडी ताकद उष्णतेत जाईल. पॅसिव्ह क्रॉसओव्हरमध्ये (अँपनंतर लागणाऱ्या, कॉईल-कपॅसिटरच्या) २०० हर्ट्झच्या आसपास कापायला ८ ओमला ६.४ मिलीहेन्रीची कॉईल येते. एवढ्या मोठ्या कॉईलचा स्वतःचा रोध असतोच आणि तो हेच काम करतो. पेटीवाले ज्या रोधाला शिव्या देतात तो आपल्याला चालतो.

नवा ड्रायव्हर पहिले काही तास कडक असतो, अनुनाद थोडा वर असतो. तेवढ्यावरून निकाल देऊ नका.

आता इक्वलायझर, पण उलटा

इथपर्यंत सगळं केलं आणि तरी बास कमी असेल तर तो गणितातला खड्डा आहे आणि तो भरायला हरकत नाही. फक्त बास चढवू नका, वरचं उतरवा. डीएसपीत (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणाऱ्या यंत्रात) मधल्या-वरच्या ड्रायव्हरची पातळी ८-१० डेसिबलने खाली घ्या, ५७० हर्ट्झच्या फुगवट्यावर ४-५ डेसिबलची रुंद कपात करा आणि मग अँपचा आवाज वाढवा. कानाला निकाल तोच मिळतो आणि डिजिटल क्लिपिंग टळतं. पॅसिव्हमध्ये हेच काम वूफरला मोकळं सोडून फुलरेंजला (मधली-वरची पट्टी एकट्याने वाजवणाऱ्या ड्रायव्हरला) रोध लावून होतं. एका फुलरेंजला दोन वूफर समांतर लावले की त्याच व्होल्टेजला ६ डेसिबल मिळतात. दोन ८ ओमचे मिळून ४ ओम होतात, तेवढा भार अँपला झेपतो का ते आधी बघा.

कोनाला किती हलावं लागतं तेही मोजून घ्या. वरच्याच ६० सें.मी.च्या फळीवर, जमिनीची मदत धरून, १ मीटरवर ५० हर्ट्झचे ९० डेसिबल हवे असतील तर ८ इंची ड्रायव्हरला मध्यापासून ८ मि.मी. हलावं लागतं. बहुतेक ८ इंची फुलरेंजची मर्यादा १ ते ४ मि.मी. असते. १५ इंचीला त्याच कामाला २ मि.मी. पुरतात. आणि एक सप्तक खाली गेलात की हे अंतर आठपट होतं, चौपट पेटीत. ८ इंचीवर ४० हर्ट्झ मागणाऱ्याने आधी हा हिशोब करावा, मग इक्वलायझरला दोष द्यावा.

म्हणून ज्या खालच्या टोकाला तुमचा वूफर थकतो, त्याच्या जरा खाली हायपास (ठरलेल्या हर्ट्झखालचं कापणारा फिल्टर) लावा: १५ इंचीला ३५ हर्ट्झ, १२ इंचीला ४५, सप्तकाला २४ डेसिबलचा. शास्त्रीय संगीत, नाट्यगीतं, भावगीतं ऐकणाऱ्याला यात काहीच गमवावं लागत नाही. सिनेमातले स्फोट हवे असतील तर ते काम फळीचं नव्हेच.

खडखड

हायपास लावूनही खडखड राहिली तर ती ड्रायव्हरच्या मर्यादेची नसते, फिटिंगची असते. फोनवर टोन जनरेटर घेऊन मंद आवाजात ३० पासून २०० हर्ट्झपर्यंत सावकाश वर जा आणि जिथे खडखडेल तिथे थांबून हाताने एकेक भाग दाबून बघा. फळी, स्क्रू, शोकेसची काच, खिडकीची जाळी. निम्म्या वेळा आवाज शोकेसचाच निघतो.

मागची बाजू उघडी असल्याने पेटीत जे लपतं ते इथे ऐकू येतं. चुंबकाच्या मधल्या भोकातून हवेची फुसफुस, कॉईलकडे जाणाऱ्या लवचिक तारांची कोनावर टपटप. तारा लागत असतील तर त्यांना थोडी वेगळी कमान द्या. लाकडात थेट स्क्रू मारण्यापेक्षा टी-नट आणि बोल्ट वापरा, मधे दारखिडकीला लावतात ती पातळ फोमची पट्टी घाला. १८-१९ मि.मी. प्लाय पुरतो. पण वूफर पुढे ढकलताना फळी मागे ढकलली जाते, त्यामुळे मागून जमिनीपर्यंत तिरका टेकू आणि जड बैठक हवीच. हाताने वरची कड हलवली तर ती डुलता कामा नये. एमडीएफ वापरलं असेल तर कापलेल्या कडा पावसाळ्याआधी सीलरने बंद करा, नाहीतर कोकणातल्या हवेत त्या फुगतात आणि बोल्ट सैल होतात. आणि मागच्या बाजूला विरळ कापड ताणून लावा. पाल आत जाऊन बसली की तिला बाहेर काढणं हा वेगळाच कार्यक्रम असतो.

मोजायचं कसं

रूम इक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे. कॅलिब्रेशन फाइलसह येणारा यूएसबी माइक घ्या. पेटीच्या वूफरला माइक कोनाजवळ धरून मोजायची पद्धत इथे दिशाभूल करते. तिथे पुढची लाट इतकी जोरात असते की मागचीचा परिणाम दिसतच नाही आणि आलेख सुरेख सपाट येतो. १ मीटरवरून, ड्रायव्हर आणि माइक दोन्ही १ मीटर उंचीवर ठेवून मोजलं तर जमिनीवरून उलटणारी लाट साडेतीन मिलीसेकंदांत येते, म्हणून २८० हर्ट्झच्या खालचं खात्रीने कळत नाही. बासचा खरा आकार बघायला रात्री स्पीकर गच्चीवर न्या, कठड्यापासून आणि टाकीपासून लांब, आणि माइक जमिनीवरच ठेवा. ते जमत नसेल तर बसण्याच्या जागेभोवती चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी काढा. एकाच ठिकाणचा खड्डा इक्वलायझरने भरायला जाऊ नका, तो खोलीचा असतो.

वूफर आणि फुलरेंज जुळले आहेत का ते बघायला फुलरेंजची वायर तात्पुरती उलटी करून पुन्हा मोजा. लिंकविट्झ-रायली पद्धतीचा चौथ्या क्रमाचा (सप्तकाला २४ डेसिबलने कापणारा) क्रॉसओव्हर बरोबर बसला असेल तर जोडाच्या जागी खोल दरी दिसते. उलट केल्यावर आवाज वाढला तर आधीची जोडणी चूक होती. ज्या लिंकविट्झचं नाव या फिल्टरला आहे, त्याच सिगफ्रीड लिंकविट्झ (१९३५-२०१८) यांचे ओरायन आणि एलएक्स५२१ हे ओपन बॅफल जगभर घरोघरी बांधले गेले, आणि दोन्हींत वूफरला स्वतंत्र अँप आहे. बजेट असेल तर पैसे तिथे घालावेत, महागड्या वायरीत नको.

आणि वन बीएचके

१२ फूट लांबीच्या खोलीचा पहिला अनुनाद ४७ हर्ट्झला येतो. त्याखाली पेटीच्या स्पीकरला खोली बंद डब्यासारखा दाब देऊन मदत करते. ओपन बॅफलला ती मदत मिळत नाही, कारण तो पुढे जेवढा दाब देतो तेवढाच मागून काढून घेतो. त्यात १ मीटर मागे सोडायला जागा नसेल तर हट्ट सोडावा. १०० ते १२० हर्ट्झच्या वर फळी, खाली बंद पेटीतला १० किंवा १२ इंची वूफर. पेटी भिंतीला टेकवा, कोपऱ्यातही चालेल. पातळी कानाने जुळवताना आधी पेटी पूर्ण बंद करून डग्गा ऐका, मग ती हळूहळू वाढवा, आणि पेटी कुठे ठेवली आहे हे कानाला कळायला लागलं की तिथून २ डेसिबल खाली आणून सोडा.